जलपर्णी किती काढायची, कुठली आणि कधी: सीमाभागातल्या एका तलाव-उद्यानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या एका शहराला लागून असलेला हा तलाव. नावं मुद्दाम गाळली आहेत. पाण्याचं क्षेत्र भरल्यावर साधारण ३५ एकर. पूर्वेला जुना मातीचा बांध, त्यावर फरशी घातलेला फिरायचा रस्ता, बाकं आणि दिव्यांचे खांब. पश्चिमेला उथळ बाजू. तिथे दोन नाले येऊन मिळतात. एक फक्त पावसाळ्यात वाहतो. दुसरा बारमाही, कारण वरच्या दोन वसाहतींचं सांडपाणी त्यात आहे. तलावात जलपर्णी का माजते याचं उत्तर या दुसऱ्या नाल्यात आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत राहिला आणि ऊन असलं की जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते.

पक्षी पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ही जागा सोयीची आहे. सकाळी बांधावर उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि सगळं पाणी समोर उजळलेलं दिसतं. पावसाळ्यात इथे कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि टिबुकली वीण करतात. सप्टेंबरपासून धोबी, तुतवार, ठिपकेवाली तुतवार दिसू लागतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकं उतरतात. हिडकलचा जलाशय जवळ असताना बदकांनी या छोट्या तळ्यावर का यावं, असं बरेचजण विचारतात. पावसाळा संपताना मोठे जलाशय काठोकाठ भरलेले असतात. डोकं खाली, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना फूटभर खोलीचं पाणी लागतं आणि ते अशा वेळी मोठ्या धरणाच्या काठाला फारसं मिळत नाही. उथळ तळी त्या महिन्या-दोन महिन्यांत उपयोगी पडतात.

स्थानिक पक्षीमित्र मंडळ दर ऑक्टोबरात, जागतिक स्थलांतरित पक्षी दिनाच्या सुमारास, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळकरी मुलांसाठी इथे सकाळचा फेरफटका ठेवतं. त्या वर्षीही पत्रिका वाटून झाल्या होत्या.

अडचण

सप्टेंबर अखेर निम्म्याहून जास्त पाणी जलपर्णीखाली गेलं होतं. डास वाढल्याच्या तक्रारी होत्या. मासेमारीचा ठेका घेतलेल्यांची जाळी अडकत होती. फिरायला येणाऱ्यांना वास सहन होत नव्हता. नगरपालिकेने दिवाळीच्या आधी तलाव ‘पूर्ण स्वच्छ’ करायचं ठरवलं आणि काम ठेकेदाराला दिलं. बिलाचं माप होतं काढलेल्या जलपर्णीचे चौरस मीटर.

मंडळाला काम थांबवायचं नव्हतं, आणि हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितल्याने पुढचं बोलणं सोपं गेलं. दाट थराखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात, बदकांना उतरायला पाणीच उरत नाही. पण त्याच थराच्या कडेला टिबुकलीची डोक्यावर पट्टे असलेली पिल्लं अजून आईमागे पोहत होती. मधल्या भागात कमळपक्ष्याचा नर पिल्लं सांभाळत होता (या पक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराकडेच असतं). एकच सपाट थर, तोच पाहुण्या बदकांची अडचण आणि रहिवासी पक्ष्यांचं घर. सरसकट काढला तर एक बाजू जाते, ठेवला तर दुसरी.

त्यात वाऱ्याचा प्रश्न होता. पावसाळाभर वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून थर पूर्वेच्या बांधाला येऊन चिकटतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारा फिरला की हाच थर हळूहळू पश्चिमेच्या उथळ बाजूला सरकतो. लांब हाताच्या हिटाचीचा हात बांधावरून १५ मीटरच्या आसपास पोचतो. पश्चिमेला चिखल, तिथे मशीन उभं राहत नाही. म्हणजे मशीनने काढायचं तर वारा फिरण्याआधी, आणि पिल्लांसाठी थांबायचं तर वारा फिरल्यानंतर.

समोर असलेले पर्याय

काहीच न करता थंडीची वाट पाहणं हा पहिला. इथली थंडी जलपर्णी मरण्याइतकी कडक नसते, वाढ फक्त मंदावते. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

तणनाशक फवारणीची सूचना एका नगरसेवकाकडून आली. फवारलेला थर जागच्या जागी बुडून कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. मासे मेले की मासेमारीचा ठेका घेतलेले भरपाई मागणार. शिवाय कुजलेल्यातलं खत पाण्यातच राहतं, पुढचं पीक त्यावर येतं. बदकं यायच्या तोंडावर तर हा विचारच नको.

जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडण्याची कल्पनाही निघाली. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या तलावांत ते सोडले होते आणि परिणाम दिसला होता. पण भुंगेऱ्यांची संख्या वाढून फरक पडायला दोन-तीन वर्षं तरी जातात आणि तेवढा काळ थर हलवता येत नाही. दिवाळीच्या मुदतीला उपयोग शून्य, दीर्घ मुदतीला विचार करण्यासारखा.

उरले दोन: ठेकेदाराच्या मूळ बेताप्रमाणे सगळं काढणं, किंवा काही भाग राखून बाकीचं काढणं. मंडळातच यावर दोन गट पडले. एक गट म्हणत होता, निम्मं राखा. दुसरा म्हणत होता, राखलेल्या निम्म्यातून सहा आठवड्यांत सगळं परत येईल आणि लोक आपल्याला शिव्या घालतील. दुसऱ्यांचं म्हणणं खरं होतं. राखायचं ते अडवून राखलं तरच अर्थ.

निर्णयाच्या जागा

किती राखायचं हे टक्क्यांत न ठरवता जागेवर ठरवलं. वायव्य कोपऱ्यात, पावसाळी नाल्याच्या तोंडाशी, पाणकणीस आणि गवत आहे. त्याला लागून साधारण चार एकरांचा पट्टा राखायचा. बारमाही नाल्याच्या तोंडाशी मात्र काहीच ठेवायचं नाही, कारण तिथे वाढ सर्वांत जोरात. पहिल्या आखणीत हे उलट होतं. सांडपाण्याजवळ जलपर्णी ‘पाणी गाळते’ म्हणून तिथे राखावी असा एकाचा आग्रह होता. जलपर्णी पोषकद्रव्यं शोषते हे खरं, पण ती वेळच्या वेळी उपटून बाहेर नेली तरच पाणी सुधारतं. नुसती राखली की ती मरून तेच पाण्यात परत सोडते.

बिलाच्या मापाचा मुद्दा सगळ्यांत अवघड गेला. काढलेल्या चौरस मीटरवर पैसे, मग राखलेला कोपरा म्हणजे ठेकेदाराचं थेट नुकसान. मुकादमाने ते सरळ बोलून दाखवलं: “मधलं सगळं काढतो की वो सर, पण ह्या कोपऱ्याला हात लावू नको म्हणता, मग बिल कसं लावायचं आम्ही?” त्याच्या प्रश्नात चुकीचं काही नव्हतं. तोडगा असा निघाला की रक्कम तीच ठेवायची, पण राखीव कोपऱ्याभोवती तरंगतं कुंपण घालण्याचं काम त्या रकमेत घ्यायचं. मुख्याधिकाऱ्यांकडचा अर्ज कन्नडमध्ये दिला, सोबत तलावाचा हाताने काढलेला नकाशा आणि पिल्लांचे तीन फोटो. नकाशामुळे काम झालं असं म्हणायला हरकत नाही. चार पानी निवेदनं आधीही दिली होती आणि ती फायलीत पडून होती.

वेळेच्या बाबतीत मंडळाने मागितलं ते सकाळी ९ पर्यंत मशीन बंद. ते मिळालंही. पण त्यामुळे फायदा झाला तो पाहणाऱ्यांचा, बदकांचा नाही. अडई, भुवई बदक आणि त्यांच्यासारखी बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विश्रांती घेतात. अडई तर संध्याकाळी शिट्ट्या वाजवत भातशेतीकडे जाताना ऐकू येतात. त्यांना शांतता हवी ती सकाळी ९ ते ५ या वेळात, जेव्हा मशीन धडधडत असतं. खरी मागणी असायला हवी होती ती अशी: एका दिवशी मशीन तलावाच्या एकाच टोकाला, दुसरं टोक पूर्ण मोकळं. हे तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तोंडी विनंतीवर झालं, पण लेखी नसल्याने मधेच दोनदा मोडलं.

मुलांचा फेरफटका पुढे ढकलायचा का, यावरही चर्चा झाली. तो ठरल्या दिवशी झाला, फक्त बांधाच्या उत्तर टोकापासून सुरू केला आणि १५ जणांचे दोन गट केले. एका स्टँडवरच्या दुर्बिणीमागे पंधरापेक्षा जास्त मुलं उभी केली की निम्म्यांना काहीच दिसत नाही आणि ती बदकांना चुरमुरे टाकायला लागतात. चुरमुऱ्यांनी बदकं येत नाहीत, कुत्री येतात.

काम प्रत्यक्षात कसं झालं

मशीनच्या हाताबाहेरचा थर ओढून आणावा लागला. ट्रकच्या ट्यूबवर बसलेले दोघे १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर थराच्या मागून फिरवतात, दोराची दोन्ही टोकं बांधावर येतात आणि आठ-दहा जण ओढतात. एका वेळी वीस बाय वीस मीटरपेक्षा मोठा तुकडा घेतला तर दोर थराखालून निसटतो. सुरुवातीला तसंच होत होतं. तुकडे आधी कोयत्याने तोडून घेतल्यावर गाडी रुळावर आली.

दाट जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी २०० टनांच्या वर जातं आणि त्यातलं सुमारे ९५ टक्के पाणी असतं. म्हणून काढलेला ढीग लगेच ट्रॉलीत भरायचा नाही. बांधाच्या बाहेरच्या उतारावर दोन-तीन दिवस निथळू द्यायचा, मग ट्रॉल्यांच्या खेपा निम्म्यावर येतात. आतल्या उतारावर टाकला तर निथळलेलं खतपाणी परत तलावात जातं. पश्चिमेच्या चिखलावर टाकण्याचा मोह ट्रॅक्टरवाल्यांना होता, कारण अंतर कमी पडत होतं. पण पाणी उतरताना उघडा पडणारा तोच चिखल शेकाट्या आणि तुतवारांची चरायची जागा आहे. तिथे लाल फीत बांधून टाकली.

प्रत्येक ढिगात जीव असतात. मुळांच्या गुंत्यातून मासोळ्या, गोगलगायी, दिवड आणि कधी कासव निघतं. मशीनने उचललेला घास आधी काठावर पाण्यालगत दहा मिनिटं ठेवायचा, मग उतारावर न्यायचा, एवढ्याने बरेच जीव परत पाण्यात जातात. दिवड बिनविषारी आहे हे मजुरांना पहिल्या दिवशी दाखवून सांगितलं नाही तर फावडं उठतं. इथे पहिल्या दिवशी दोन मेल्या, त्यानंतर सांगितलं गेलं.

तरंगतं कुंपण असं होतं: बांबूंची साखळी, दर तीन मीटरला २०० लिटरचा रिकामा प्लास्टिक ड्रम, बांबूखाली दीड फूट लोंबणारं नायलॉन जाळं, त्याच्या खालच्या कडेला दगड. दोन्ही टोकं काठावरच्या खुंट्यांना दोराने घट्ट बांधलेली.

पक्षीगणना आणि तिच्यातल्या गफलती

कामाचा पक्ष्यांवर काय परिणाम झाला हे दाखवायचं तर आधीची आणि नंतरची गणना हवी. बांधावर तीन ठिकाणं ठरवली, प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं, सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरुवात. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा ‘घास’ नजरेत धरायचा आणि तो घास थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. उडालेला थवा मोजायचा नाही, बसल्यावर मोजायचा. अडई उठल्या की दोन फेऱ्या मारून त्याच जागी बसतात आणि तीन ठिकाणांचे तीन निरीक्षक त्यांना तीनदा लिहितात. म्हणून तिघांनी उडालेल्या थव्याची वेळ लिहून ठेवायची आणि शेवटी ताळा करायचा.

पहिल्या गणनेत लहान, मातकट बदकं सगळी ‘चक्रांग’ म्हणून लिहिली गेली. नंतर फोटो मोठे करून पाहिल्यावर बहुतेक भुवई बदकं निघाली. ऑक्टोबरात ही चूक अगदी नेहमीची. या दिवसांत नर विणीचा पिसारा टाकून मादीसारखे दिसतात, त्यामुळे नराची ठळक पांढरी भुवई शोधणारा फसतो. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर पट्टे स्पष्ट असतात: डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाचा चेहरा त्या मानाने साधा, पण शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ दिसते. उडाला तर काम सोपं, भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी असतो. पहिल्या दिवसाचे फोटो सगळ्या थव्याचे नव्हते, त्यामुळे जातीनिहाय तुलना सोडून ‘लहान बदकं, एकूण’ एवढंच धरावं लागलं.

दुसरी गफलत जास्त फसवी. थर काढल्यावर पहिल्याच आठवड्यात जांभळ्या पाणकोंबड्या आणि ढोकऱ्या वाढल्या, असं आकडे सांगत होते. बातमीही तशीच गेली. त्या वाढल्या नव्हत्या. आधी गुडघाभर पानांत लपलेल्या होत्या, आता उघड्यावर आल्या. कमळपक्ष्यांचंही तसंच, सगळ्या तलावावर विखुरलेले पक्षी चार एकरांत दाटले आणि ‘भरपूर’ दिसले. अशा कामानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे कुणालाही दाखवू नयेत, मग ते कितीही सोयीचे असोत.

काय झालं

दिवाळीच्या आधी मधलं पाणी मोकळं झालं. टिबुकलीची पिल्लं कुंपणाच्या कडेला दिसत राहिली. कमळपक्ष्याची पिल्लं शेवटपर्यंत दिसली का, याची नोंद विश्वासार्ह नाही, कारण काम सुरू असताना त्या बाजूला कुणी नियमित उभं नव्हतं. फटाक्यांच्या चार रात्री बदकं गायब होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून मोकळ्या पाण्यावर हळदी-कुंकू बदकं, अडई आणि भुवई बदकं बसू लागली, थोडे थापट्येही आले. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी राखीव पट्ट्यावरून घिरट्या घालू लागला. तो आला की सगळं पाणी एकदम ढवळतं, गणना करणाऱ्यांना तो मदत आणि त्रास दोन्ही. पश्चिमेचा चिखल जसजसा उघडा पडला तशा ठिपकेवाल्या तुतवार आणि शेकाट्ये वाढले. हा फायदा त्या लाल फितीचा.

डिसेंबरात कुंपण फसलं. शेतीला पाणी उचलल्याने पातळी दोन फुटांनी खाली गेली होती. काठाकडची टोकं घट्ट बांधलेली असल्याने ती चिखलावर बसली, दोर सैल पडले आणि बांबूची साखळी कमानीसारखी वाकली. बाजूच्या फटीतून जलपर्णीचे झुबके बाहेर पडले. नाताळाच्या सुमारास बांधालगत पुन्हा हिरवे ठिपके दिसू लागले. ते हाताने काढता येतील इतपतच होते, पण काढायचे कुणी, याचं उत्तर कामाच्या आदेशात नव्हतं. ठेकेदाराचं बिल निघालं होतं. मच्छीमारांनी स्वतःच्या जाळ्यांसाठी थोडे काढले, बाकीचे वाढले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे काळ. मोठी सफाई ऑक्टोबरात करायचीच नाही. फेब्रुवारीच्या शेवटी बदकं परतू लागतात, तेव्हापासून एप्रिलपर्यंत पाणी उतरलेलं असतं, पश्चिमेचा बराच भाग कोरडा पडतो, मशीन आतपर्यंत जातं आणि वीण सुरू व्हायला वेळ असतो. तेव्हा काढलं तर पावसाळ्यात जलपर्णी थोड्या बुडख्यापासून सुरू होते आणि ऑक्टोबरात हाताने करण्याजोगं काम उरतं. अडचण एवढीच की उन्हाळ्यात तक्रारी कमी असतात आणि दिवाळीची मुदत नसते, त्यामुळे पैसा मंजूर होत नाही. जुने बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि चिखल उघडा पडून पुन्हा ओला झाला की रुजतं, म्हणून जून-जुलैत एक फेरी रोपं उपटण्यासाठी लागतेच.

दुसरं, कुंपणाची टोकं खुंट्याला बांधायची नाहीत. पाण्याच्या आतल्या बाजूला जाड लोखंडी पाइप उभा रोवायचा, त्याला कडी घालायची आणि कडीला साखळी. पातळी उतरेल तशी कडी खाली सरकते. पाइप सर्वांत कमी पातळीलाही पाण्यात राहील अशा ठिकाणी रोवायचा, त्यासाठी उन्हाळ्यातली पाण्याची रेषा माहीत हवी. ती रेषा मच्छीमारांना तोंडपाठ असते. त्यांना बैठकीला बोलावलं होतं ते जाळ्यांच्या तक्रारीसाठी. ही गोष्ट त्यांना कुणी विचारलीच नाही.

तिसरं, बिलाचं माप. काढलेल्या चौरस मीटरऐवजी ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी मधलं पाणी मोकळं राहणं’ हे माप धरून रक्कम चार हप्त्यांत दिली असती, तर डिसेंबरातले झुबके मुकादमानेच काढले असते. त्याच्याकडे माणसं होती, ट्यूब होती, दोर होता.

गणनेसाठी काम सुरू होण्याआधी किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोन गणना हव्यात आणि प्रत्येक ठिकाणाहून थव्याचा फोटो हवा, बदक ओळखू येवो न येवो. काम सुरू असताना राखीव पट्ट्यासमोर रोज अर्धा तास एकजण उभा राहिला असता तर कमळपक्ष्याच्या पिल्लांबद्दल आज नेमकं सांगता आलं असतं.

बारमाही नाल्याचं सांडपाणी अजून तलावातच येतं. ते वळवायचा प्रस्ताव वेगळ्या खात्याकडे आहे. तोवर मंडळाने नगरपालिकेला दिलेल्या नव्या अर्जात दोनच मागण्या ठेवल्या आहेत: मार्चमधली सफाई आणि हप्त्याने बिल. सोबत नकाशा आहे, यावेळी उन्हाळ्यातली पाण्याची रेषा आखलेला.